थरथर कुणाची

आकाशवाणी चौकात सिग्नलला गाडी थांबली आणि हेमलताच्या डाव्या मांडीतून काहीतरी सरकत वर आलं. मुंग्या नव्हेत, चमकही नव्हे. एक बारीक, सलग थरथर, मांडीतून कमरेत, कमरेतून पाठीच्या कण्याला धरून वर, थेट जबड्यापर्यंत. दातांवर दात वाजताहेत की काय असं वाटून तिने ते घट्ट मिटले. समोर रिक्षांची दाटी होती, एका स्कूटरवर मागे बसलेली बाई मांडीवर कापसाची नवी उशी धरून होती, आणि शेजारी स्टिअरिंगवर तिचा नवरा योगेंद्र आकडे मोजणाऱ्या दिव्याकडे पाहत बसला होता. म्हणजे बाहेर सगळं जागच्या जागी होतं. तिने डाव्या हाताची बोटं अंगठ्याला एकेक करून लावून पाहिली. करंगळीला जरा उशीर झाला, पण तो नेहमीच होतो. मग सिग्नल सुटला, गाडी पुढे निघाली आणि थरथर गेली. जशी आली तशीच, कुणीतरी अंगावरची चादर ओढून घ्यावी तशी. मेहरूणच्या वळणावर तलावाकडून गार वारा आला तेव्हा योगेंद्रने तिच्या बाजूची काच न विचारता वर केली.

हे तिसऱ्यांदा होत होतं की चौथ्यांदा, हे तिला सांगता आलं नसतं, कारण पहिल्या वेळा तिने स्वतःलाच कबूल केल्या नव्हत्या. आजारपणानंतर ती स्वतःच्या शरीराशी परक्या माणसाशी वागावं तसं वागायला शिकली होती. त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं, पण लगेच विश्वास ठेवायचा नाही. त्याला कारण होतं. उन्हाळ्याच्या तोंडावर कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांची प्रात्यक्षिकं चालू असताना ती त्यांना मोजपट्टी कशी वाचायची ते सांगत होती. भौतिकशास्त्र शिकवण्यात तिची हयात गेली होती; ती वाक्यं झोपेतसुद्धा म्हटली असती. आपण नीट बोलतो आहोत असंच तिला वाटत होतं. आवाज कानाला नेहमीसारखा येत होता. मुलांचे चेहरे मात्र बदलत गेले. पहिल्या बाकावरच्या एका मुलीने हळूच शेजारणीचा हात धरला. त्या चेहऱ्यांवरून हेमलताला कळलं की आपलं तोंड वाकडं झालं आहे, आणि आपण बोलतो ते शब्द नाहीत. तिला आतून काहीच कळलं नव्हतं, ते बाहेरून कळलं. दवाखान्यात नेलं, वेळेत नेलं, डावी बाजू पुष्कळशी परत आली, बोलणं तर पूर्ण आलं. पण ती एक गोष्ट परत आली नाही. आपल्याला जे जाणवतं ते खरं आहे की नाही, हे विचारायला तिला आता दुसऱ्याचा चेहरा लागायचा.

आणि तो चेहरा बहुतेक वेळा योगेंद्रचा असायचा. तो एका डाळमिलचं कामकाज पाहायचा. माल, माणसं, यंत्रं या सगळ्यांवर एकाच वेळी नजर ठेवायची त्याला सवय होती. आता ती सगळी नजर त्याने घरी आणली होती. ती जिना उतरताना तो खाली उभा असायचा. ती चहाचा कप उचलायची तेव्हा त्याचं बोलणं कप ओठाला लागेपर्यंत थांबायचं. धुळ्याच्या डॉक्टरांनी मागच्या खेपेला सांगितलं होतं की हळूहळू गाडी चालवायला सुरुवात करायला हरकत नाही. योगेंद्रने त्यातला ‘हळूहळू’ एवढाच शब्द ऐकला होता. गाडी खरं तर तिची. निळी, लहान, बरीच जुनी, तिने हौसेने घेतलेली आणि वर्षानुवर्षं कॉलेजला नेलेली. आता किल्ली त्याच्या खिशात असायची आणि ती डावीकडच्या सीटवर, पट्टा बांधून, मांडीवर पर्स घेऊन पाहुण्यासारखी बसायची. त्याच्यावर रागावताही यायचं नाही. दवाखान्यातल्या त्या रात्री हा माणूस बाकावर बसून तिच्या चपला हातात धरून होता असं नणंदेने सांगितलं होतं, आणि ते ऐकल्यापासून तिच्या रागाला धार राहिली नव्हती.

त्या संध्याकाळी तिने शेवटी सांगितलं. म्हणाली, सिग्नलला गाडी उभी असली की मला अंगात थरथर जाणवते. योगेंद्रने ताटावरून मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. ते पाहणं ती ओळखत होती. आधी तिच्या ओठांचे कोपरे, मग डावा डोळा, मग हात. तिने चाचरत विचारलं, गाडीच थरथरत असेल का हो? तो म्हणाला, मोतीलालला दाखवून घेऊ. दुसऱ्या दिवशी त्याने खरंच गाडी गॅरेजवर नेली. मोतीलालने बॉनेट उघडलं, गाडी चालू केली, बंद केली, यंत्र लावून पाहिलं, मग हायवेवर पाळधीपर्यंत पळवून आणली. गाडी लोण्यासारखी पळते, असा त्याचा निरोप आला. योगेंद्रने तो तिला सांगितला तेव्हा त्याच्या आवाजात सुटकेचा सूर नव्हता, उलट एक भीती होती, आणि ती लपवण्यासाठी तो फार मऊ बोलत होता. मग त्याने डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाले की अशा आजारानंतर मेंदू कधी कधी नसलेल्या गोष्टींच्याही बातम्या देतो. मंगळवारी घेऊन या, तपासू, गरज वाटली तर एक गोळी वाढवू. गोळीने थोडी गुंगी राहील, थोडं मंद वाटेल, पण शांत राहतील. फोन स्पीकरवर होता. ‘शांत राहतील’ हे शब्द स्वयंपाकघरातल्या भांड्यांपर्यंत जाऊन परत आल्यासारखे तिला वाटले. नव्या वर्षात कॉलेजला पुन्हा रुजू व्हायचं तिने मनाशी ठरवलं होतं. मंद झालेली बाई फळ्यापुढे उभी राहून काय शिकवणार, हे तिने कुणाला विचारलं नाही.

रविवारी सकाळी योगेंद्रला मिलमधल्या लोकांनी भरीत पार्टीला बोलावलं होतं, शहराबाहेर कुणाच्या तरी मळ्यात. तो जायला तयार नव्हता. तिनेच आग्रह करून पाठवलं. शेजारच्या धुरपदाबाईंना लक्ष ठेवायला सांगून, फोन जवळ ठेव असं बजावून, तो दुसऱ्याच्या गाडीतून गेला. घर एकदम मोकळं झालं. तिने केस धुतले, उन्हात बसून वाळवले, आणि बसल्या बसल्या पोर्चमधल्या निळ्या गाडीकडे पाहत राहिली. गाडी धुळीने माखली होती. काचेवर कुणाचं तरी बोट फिरलेलं होतं. आपण इतके दिवस गाडीत फक्त बसतो आहोत, हिच्याकडे पाहिलेलं नाही, असं तिच्या मनात आलं. आणि त्याच्या पाठोपाठ आलं की आपल्याकडेही सगळे असंच करताहेत. फक्त आपल्या आजाराकडे बघतात. योगेंद्रने दुसरी किल्ली देवघरातल्या फडताळात ठेवली होती. ती लपवलेली नव्हती, पण तिथून ती घेताना तिने मागे वळून पाहिलं. मग ती स्वतःशी हसली. वर्गात इतकी वर्षं मुलांना सांगत आली होती की जे मोजायचं आहे ते आणि मोजणारा, हे दोन वेगळे ठेवता आले पाहिजेत. स्वतःच्या बाबतीत हे एकदाही सुचलं नव्हतं. तिने एक स्टीलचा पेला काठोकाठ पाण्याने भरला, दोन्ही हातांनी धरून पोर्चमध्ये आणला, डाव्या हातावर थोडं सांडलं, आणि स्टिअरिंगच्या मागे बसून तो समोरच्या सपाट जागेवर ठेवला.

किल्ली फिरवली. इंजिन लागलं. पाण्यावर एक वलय उठलं आणि विरलं. मग पाणी थिजल्यासारखं उभं राहिलं. तिने वाट पाहिली. मांडीत काही नव्हतं, पाण्यात काही नव्हतं. उन्हाचा एक तुकडा पेल्यात पडला होता, तोही हलत नव्हता. मिनिटं जात राहिली. म्हणजे मोतीलालचं खरं होतं. गाडी ठणठणीत होती आणि बातमी मेंदूनेच बनवली होती. डॉक्टरांचा शब्द, योगेंद्रचा मऊ आवाज, ती गोळी, सगळं एका रांगेत उभं राहिलं. तिने हात किल्लीकडे नेलासुद्धा. तेवढ्यात बॉनेटखालचा पंखा घरघरत सुरू झाला. इंजिन चांगलं तापलं होतं. आणि पंखा थांबल्यावर, त्याच्या मागून, ती आली. मांडीतून कमरेत, कमरेतून कण्याला धरून वर. हेमलता श्वास रोखून बसली. पेल्याकडे पाहायचं तिला धैर्य होईना. तिने आधी दार उघडलं, बाहेर आली, दोन्ही पाय फरशीवर रोवले, तळवा कंपाउंडच्या भिंतीला टेकवला. भिंत स्थिर होती. तिचे पाय स्थिर होते. जबडा, दात, पाठ, सगळं निवांत होतं. मग तिने वाकून काचेतून आत पाहिलं. पाण्यावर बारीक बारीक वलयं एकात एक उठत होती, काठावरून एक थेंब घरंगळत होता. ती बाहेर उभी होती आणि पाणी आत थरथरत होतं.

किती वेळ ती तशी वाकून उभी होती कोण जाणे. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं ते वेगळंच काहीतरी. लहानपणी शर्यतीत शेवटच्या वळणावर पायांत यायचं तसं. आणि त्या जोरातच तिला हेही दिसलं की एवढ्याने भागणार नाही. योगेंद्र म्हणेल, जुनी गाडी आहे, थोडी हलणारच. मोतीलाल म्हणेल, वहिनी, हायवेवर तर काहीच नव्हतं. डॉक्टर म्हणतील, बरं. गाडी थरथरते एवढं पुरत नव्हतं. ती का थरथरते हे बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे होतं. तिने बांगड्या काढून खिडकीत ठेवल्या, ओढणी काढून टाकली, मोकळे केस घट्ट बांधले आणि बॉनेट उघडलं.

आत तिला काय काय माहीत होतं? नावं फारशी नाहीत. पण हे यंत्र श्वास घेतं हे माहीत होतं. एका बाजूने हवा आत जाते, मोजून जाते, आणि तेवढ्याच मापाने पेट्रोल येतं. वर्गात ती हे फळ्यावर काढायची. तिने कान पुढे नेला. पट्ट्याची सळसळ, इंजिनाचा ठोका, आणि या सगळ्यांच्या खाली, मागच्या बाजूला कुठेतरी, एक बारीक शीळ. जिभेखाली गोळी विरघळताना तोंडातून हवा आत ओढावी तशी. इंजिनाचा आवाज खाली जायचा, आता बंद पडतं असं वाटायचं, मग ते दचकून वर यायचं, आणि शीळ मात्र तशीच. ही शीळ ओळखीची आहे असं तिला वाटलं. आपण कॉलेजात कधी ऐकली का, असं ती आठवू लागली, आणि आठवण कॉलेजात न जाता त्याच्या पलीकडे गेली, पांझरेकाठच्या मळ्यात, विहिरीच्या काठावर. आबा, तिचे वडील, रुपचंद, ऑईल इंजिन सुरू करायचे तेव्हा ती बादली घेऊन उभी असायची. पंप पाणी उचलायचा नाही. इंजिन हलकं, पोकळ पळायचं. आबा इंजिनाला शिव्या देत नसत, हँडल फेकत नसत. कान वाकडा करून ऐकत आणि म्हणत, “पंप हवा ली ऱ्हायना. दख, कोठे ली ऱ्हायना ते.” म्हणजे पंप हवा घेतोय, कुठून घेतोय ते बघ. मग ती विहिरीत उतरणाऱ्या पाइपाच्या जोडांवर ओंजळीने पाणी सोडायची. जिथे फट असेल तिथलं पाणी खाली ओघळायचं नाही, आत जायचं. डोळ्यांदेखत नाहीसं व्हायचं. तिथे आबा ओली चिकणमाती थापायचे, आणि थोड्या वेळात इंजिनाचा आवाज भरीव व्हायचा, कुंडीत पाण्याचा लोट येऊन आदळायचा. पुढे शिकल्यावर तिला कळलं की ओढणं असं काही नसतंच. आत पोकळी असते आणि बाहेरची सगळी हवा तिला ढकलत असते. ती हे मुलांना फार आवडीने सांगायची. पण ते तिला माहीत झालं होतं ते पुस्तकातून नव्हे, ओंजळीतून नाहीशा होणाऱ्या पाण्यातून. म्हणजे हे इंजिनही हवा घेत होतं. न मोजलेली, चोरवाटेची हवा. गाडी पळताना एवढी हवा आत जाते की त्यात ही चोरटी धार हरवून जाते, म्हणून हायवेवर काही कळत नाही. उभ्या गाडीत हवा कमी लागते, तेव्हा हिचाच गोंधळ होतो. आणि इंजिन तापलं, रबर मऊ झालं, की फट उघडत असणार. हे सगळं तिच्या डोक्यात इतक्या झरझर आणि इतक्या क्रमाने आलं की ती क्षणभर थबकली. याला मंद म्हणतात का, असं तिने मनातल्या मनात डॉक्टरांना विचारलं.

इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली तिने आणली. वायरी आणि पट्टा टाळून, उजव्या हाताने, एकेका जोडावर ती थोडं थोडं पाणी मारत गेली. हवेच्या मोठ्या नळीच्या तोंडाशी मारलं, काही नाही. ती नळी इंजिनाला मिळते तिथे, काही नाही. ब्रेककडे जाणाऱ्या जाड नळीवर, काही नाही. धुरपदाबाई कठड्यापाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या हे तिला त्यांचा आवाज आल्यावर कळलं. त्या मूळच्या अमळनेरकडच्या खेड्यातल्या. इतकी वर्षं जळगावात काढूनही त्यांनी अहिराणी बोली सोडली नव्हती.

“काय करी ऱ्हायनी वं, हेमा? योगेंद्रनी माले लक्ष ठेवाले सांगेल शे.”

“मंग ठेव ना, अक्का. आठे ये. आवाज आयक जराशी.”

स्वतःच्या तोंडून आबांची भाषा आली याचंही तिला भान नव्हतं. धुरपदाबाई आत आल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. हेमलताने मागच्या बाजूला, जिथे अंगठ्याएवढी एक रबरी नळी कोपरासारखी वाकून खाली जात होती, तिथे फवारा मारला. शीळ एकदम गिळल्यासारखी थांबली. इंजिन अडखळलं, खोकल्यासारखं झालं, मग पुन्हा वर आलं. तिने परत मारला, परत तसंच झालं. वरून नळी अगदी धड दिसत होती, काळी, चकचकीत. फट असेल तर ती खालच्या बाजूने, जिथे डोळा जात नाही. उजव्या हातात बाटली होती, आणि त्या अरुंद जागेत कोपर वळवून फक्त डावा हात जाऊ शकत होता. तो हात, ज्याची करंगळी उशिरा येते, ज्यात गरम-गार कळत नाही म्हणून योगेंद्र भाकरी थापू देत नाही. तिने तो आत घातला. नळीच्या पोटावरून बोटांची टोकं हळूहळू सरकवत नेली. ऊब होती, ऊब कळत होती. खरखरीत रबर कळत होतं. आणि मग वाकणाच्या बरोबर खाली, तर्जनीच्या टोकाला, गार लागलं. एक बारीक, चिवट गार ओढ, बोटाचं मांस आत घेऊ पाहणारी. ओढ नव्हे, ढकल; बाहेरच्या साऱ्या हवेची. तिने बोट दाबलं. इंजिन शांत झालं. बंद पडलं नाही, शांत झालं. ठोका एकसारखा, खोल, भरीव. बॉनेटच्या खालच्या फटीतून काचेपलीकडे पेल्यातलं पाणी दिसत होतं, त्यात ऊन सपाट पडलं होतं.

धुरपदाबाई म्हणाल्या, “आते बदलना. आते कसा मऊ व्हयना आवाज.” बदल त्यांनाही ऐकू आला होता. पुन्हा एकदा पाहायचं म्हणून त्या म्हणाल्या, “फिरी कर बरं.”

तिने बोट काढलं, थरथर आली. दाबलं, गेली. काढलं, दाबलं. धुरपदाबाई दर खेपेला मान हलवत होत्या. हेमलता त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत नव्हती, हे तिला नंतर आठवलं.

योगेंद्र दुपारी परतला तो भरिताचा आणि कळण्याच्या भाकरीचा डबा घेऊन. गेटमधूनच त्याला उघडं बॉनेट, पसरलेली पाण्याची थारोळी आणि हाताला कोपरापर्यंत काळं लागलेली बायको दिसली. डबा त्याने जमिनीवरच ठेवला. त्याची नजर तिच्यावरून फिरली; आधी तिच्या ओठांचे कोपरे, मग डोळा, मग हात. तिने त्याला बोलू दिलं नाही. आत जाऊन बसा आणि पेल्याकडे बघा, एवढंच सांगितलं. इंजिन पुन्हा तापेपर्यंत त्याला बसवून ठेवलं. तो आज्ञाधारकपणे बसला, पट्टासुद्धा बांधला. पंखा लागला, थांबला, आणि पाणी थरथरायला लागलं. तिने बॉनेटच्या आडून विचारलं, जाणवतं का? आतून बारीक आवाज आला, हो. कुठे? पायात, तो म्हणाला, पाठीत. तिने बोट दाबलं. आता? पट्टा सुटल्याची टिचकी ऐकू आली. मग दार उघडल्याचा आवाज आला आणि तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. तिने त्याचा हात धरून आत नेला, त्याची तर्जनी नळीच्या पोटाखालच्या भेगेवर ठेवली. त्याचं बोट आत खेचलं गेलं तसा तो दचकला.

तो म्हणाला, “तू सांगितलंस तेव्हा मी गाडीकडे बघायला पाहिजे होतं. मी तुझ्याकडेच बघत बसलो.”

“तुम्ही पुष्कळ बघितलंत,” ती म्हणाली. “आता थोडं कमी बघा.”

हे ती ज्या आवाजात म्हणाली तो तिला फार दिवसांनी ऐकू आला. तिचा वर्गातला आवाज होता तो, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आणि तरी न चढणारा. योगेंद्रला हसू आलं आणि ते लपवायला त्याने डबा उचलला. भरीत गार झालं होतं. पोर्चच्या पायरीवर बसून त्यांनी ते तसंच खाल्लं, धुरपदाबाईंनाही बसवून घेतलं. हिरव्या मिरचीने तिघांचे डोळे पाणावले, आणि त्या पाण्याचा हिशेब कुणी कुणाला विचारला नाही. सोमवारी मोतीलाल नवी नळी घेऊन स्वतः आला. जुनी काढून त्याने वाकवली तेव्हा खालची चीर तोंड उघडल्यासारखी फाकली. तो प्रामाणिकपणे म्हणाला की मी गाडी पळवून पाहिली, तापवून उभी करून ऐकलीच नाही. ती म्हणाली, नवी मी बसवते, तुम्ही फक्त क्लिप घट्ट झालीय का बघा. डावा हात जरा चुकारपणा करत होता, पण तिने त्याला वेळ दिला, आणि तो पोचला.

मंगळवारी सकाळी धुळ्याला निघताना किल्लीवरून काही बोलणं झालं नाही. योगेंद्र गेट लावून आला तेव्हा ती स्टिअरिंगमागे बसलेली होती, आणि तो गाडीला वळसा घालून डावीकडे गेला, इतकंच. डॉक्टरांना काय सांगायचं ते तिने ठरवलं होतं. जे झालं ते सगळं क्रमाने सांगायचं, पेल्यापासून, आणि मग विचारायचं की आता चालू असलेल्या गोळ्या कमी कधी करायच्या. आणखी एक गोष्ट सांगायची, ती त्यांना सर्वांत महत्त्वाची वाटेल. की डाव्या तर्जनीच्या टोकाला गार कळतं. शहर संपलं. हायवेवर ट्रकांची रांग होती, कापूस भरलेल्या गाड्या ताडपत्र्या फुगवून चालल्या होत्या, केळीच्या बागांवर अजून धुकं होतं. पाळधीपर्यंत योगेंद्रने दारावरची मूठ धरून ठेवली होती. समोर बैलगाडी आली की त्याचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला जायचा. ती ते पाहत होती आणि पाहत नव्हती. रस्ता तिच्या हातांत येत होता, टायरांतून, स्टिअरिंगमधून, खडबडीत आणि खरा, आणि त्यातलं प्रत्येक स्पंदन कुठून येतं हे तिला कळत होतं. हा डांबराचा जोड, हा ट्रकच्या वाऱ्याचा धक्का, हा माझ्याच मनगटातला ताण, तो सैल केला की जातो. किती सोपं होतं हे वेगळं करणं, आणि किती महिने ते एकत्रच कालवलेलं होतं. एरंडोल गेलं. योगेंद्र काहीतरी सांगत होता, मिलमधल्या नव्या यंत्राबद्दल. वाक्य अर्ध्यावर थांबलं. तिला वाटलं समोर काही आलं का. समोर काही नव्हतं. मूठ धरलेला त्याचा हात मांडीवर घसरला होता, डोकं काचेला टेकलं होतं, तोंड किंचित उघडं होतं. हा माणूस उन्हाळ्यापासून असा झोपलेला तिने पाहिला नव्हता. रात्री तिने कूस बदलली तरी तो विचारायचा, काय झालं.

तिने हॉर्न वाजवणं सोडलं. पुढे ट्रॅक्टर आला तर दिवा दाखवून वाट मागायची, नाही मिळाली तर मागे राहायची. खड्डे दुरून हेरून अलगद चुकवायची. ऊन चढलं, त्याच्या चेहऱ्यावर आलं, तेव्हा डावा हात लांब करून तिने त्याच्या बाजूची उन्हाची झडप खाली करून खिडकीकडे वळवली. करंगळीने तिथेही थोडा उशीर केला. पारोळं आलं आणि गेलं. बाजाराची गर्दी, बसथांबा, उसाच्या रसाची दुकानं, सगळं तिने एकटीने पाहिलं, आणि पुन्हा मोकळा रस्ता लागला तेव्हा ती गुणगुणत होती. कुठलं गाणं ते तिलाही ठाऊक नव्हतं. धुळ्यात शिरताना एका रिक्षाने आडवं येऊन ब्रेक लावायला लावला. गाडी थांबली आणि योगेंद्र जागा झाला. डोळे चोळत त्याने बाहेर पाहिलं, दुकानांच्या पाट्या वाचायचा प्रयत्न केला.

“पारोळं आलं का?” त्याने विचारलं.

“मागे गेलं,” हेमलता म्हणाली, आणि तिने गाडी दवाखान्याच्या रस्त्याला वळवली.